सड्यावरचा टॉवर: 'एक सत्तरीकर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'एक सत्तरीकर' यांस सप्रेम नमस्कार.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यासाठी, म्हणजे गावातल्या छोट्या वस्तीसाठी, मोबाइल टॉवर कुठे उभारावा, या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा सारांश देतो. टॉवर वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या जांभ्या दगडाच्या पठारावर, न सुचवता वस्तीच्या कडेला, रस्त्यालगत सुचवण्यामागे कंपनीचा खर्च वाचवण्याचा हेतू आहे, असे आपले म्हणणे आहे. २०२०च्या टाळेबंदीत सांगे तालुक्यातली मुले रेंजसाठी डोंगर चढत होती, त्यावरून टॉवर डोंगरावरच हवा हे उघड आहे, असे आपण म्हणता. लेखातले नियम जुने आहेत, टॉवरच्या रेडिओ लहरींच्या धोक्याविषयी, ग्रामसभेविषयी, जागेच्या भाड्याविषयी आणि जनरेटरच्या आवाजाविषयी मी काही लिहिले नाही, असेही आक्षेप आहेत. शेवटचे वाक्य मात्र जसेच्या तसे देतो: "पणजीत पंख्याखाली बसून नकाशे रंगवणाऱ्यांना सत्तरीचा पाऊस काय कळणार?"

एक चूक प्रथम मान्य करतो. टॉवर आणि तारांसाठी जागा वापरण्याची परवानगी कशी मिळते हे ठरवणाऱ्या २०१६च्या मार्गाधिकार नियमांचा मी उल्लेख केला होता. १ जानेवारी २०२५पासून त्यांच्या जागी दूरसंचार (मार्गाधिकार) नियम, २०२४ लागू झाले आहेत. लेखात तशी दुरुस्ती केली आहे आणि ती दाखवून दिल्याबद्दल आपला आभारी आहे.

आता त्या शेवटच्या वाक्याविषयी. मतभेद असावेत, कठोर शब्दांतही असावेत. परंतु ज्याला आपण ओळखत नाही त्याच्या आयुष्याविषयी एका ओळीत निकाल देणे हे कोणत्या चर्चेत बसते, ते मला समजलेले नाही. मी पणजीत राहतो हे खरे आहे. माझे घर वाळपईच्या पुढे आहे, चवथीला आजही आम्ही सगळे तिथेच असतो आणि ज्या वाड्याविषयी मी लिहिले तिथल्या विहिरीचे पाणी पिऊन मी वाढलो आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अकरा वर्षे मी एका कंत्राटदाराकडे टॉवरच्या कामांवर साइट सुपरवायझर होतो. रत्नागिरीपासून काणकोणपर्यंत ज्या डोंगरांवर जीप अर्ध्या वाटेत थांबत असे, तिथून पुढे सिमेंटची पोती आणि लोखंडी अँगल माणसांच्या डोक्यावरून जात असत, आणि काम पूर्ण झाल्यावर जुलै महिन्यात डिझेलचे कॅन खांद्यावर घेऊन त्याच पायवाटेने मी स्वतः चढलो आहे. पंख्याखाली बसणे माझ्या वाट्याला फार उशिरा आले. आपण नाव न लिहिता 'सत्तरीकर' अशी सही केलीत, म्हणजे सत्तरीच्या पावसाचा मक्ता आपल्याकडे आणि मी परका, असा त्याचा अर्थ होतो. तो मी स्वीकारत नाही.

आणि पावसाचाच विषय काढला आहे तर तो नीट पाहू, कारण सड्यावरची जागा मी नाकारली ती पावसामुळेच. टॉवर म्हणजे केवळ लोखंडी सांगाडा नव्हे. त्याच्या पायथ्याशी असलेल्या बेस स्टेशनला, म्हणजे फोनशी संपर्क ठेवणाऱ्या यंत्रणेला, चोवीस तास वीज लागते, आणि तिथून पुढे जाणाऱ्या संभाषणासाठी ऑप्टिकल फायबर किंवा समोरच्या दुसऱ्या टॉवरकडे सरळ दृष्टिरेषा असलेला मायक्रोवेव्ह दुवा लागतो. सड्यावर वीज न्यायची तर तारा रानातून न्याव्या लागतील. मृगाच्या पहिल्या वाऱ्यात एक फांदी पडली की तार तुटते, आणि लाइनमन तिथे पोहोचेपर्यंत दोन दिवस जातात. बॅटऱ्या काही तासच टिकतात. त्यानंतर जनरेटर, जनरेटरला डिझेल, आणि डिझेल वर नेणारा माणूस, ज्याला निसरड्या वाटेने ओहोळ ओलांडून जावे लागते. वर्षातले आठ महिने चालणारा आणि नेमका पावसात मुका होणारा टॉवर आपल्याला हवा आहे काय?

हे मी कल्पनेने लिहीत नाही. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा कोविडची दुसरी लाट चालू होती. माझ्या काकीला त्या दिवशी दम लागला. आमच्या भागात रेंज देणारा एकमेव टॉवर लांबच्या डोंगरमाथ्यावर होता, आणि दुपारपासून तो बंद पडला होता. १०८ला फोन लागेना. पुतण्या मोटारसायकल घेऊन निघाला, तर रस्त्यावर झाडे आडवी पडलेली. शेवटचे अंतर तो चालत गेला. काकी वाचली. तो टॉवर पुन्हा चालू व्हायला चार दिवस लागले, कारण वरपर्यंत डिझेल पोहोचवायला कोणी तयार नव्हते. त्या चार दिवसांत रस्त्याकडेला असलेल्या शेजारच्या गावातला टॉवर एका व्हॅनमधून आणलेल्या जनरेटरवर दुसऱ्याच दिवशी चालू झाला होता. माझ्या लेखातली जागेची निवड इथून आलेली आहे, कोणत्याही कंपनीच्या हिशेबाच्या वहीतून नव्हे.

मुले डोंगर चढत होती, हा आपला दाखला मनाला भिडणारा आहे, पण त्यातून आपण काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. डोंगरावर फोनला रेंज मिळते, कारण तिथून दूरच्या टॉवरकडे जाणारी दृष्टिरेषा मोकळी असते. सड्यावर टॉवर उभारला तर तोही असाच दूरची गावे पाहील. पायथ्याचा वाडा त्याला दिसणार नाही. आमचा सडा वाड्यापासून सुमारे दीडशे मीटर उंच आहे आणि वाडा आडव्या अंतराने चारशे मीटरवर आहे, म्हणजे वरून पाहता तो क्षितिजाच्या वीस अंश खाली येतो. अँटेनाचा झोत उभ्या दिशेने साधारण सात अंशांचाच असतो, आणि अँटेना खाली झुकवायलाही मर्यादा असते. त्यातच सड्याची कड मध्ये येते. वाड्याला रेंज न देता पलीकडच्या तालुक्याला देणारा टॉवर, हे आपल्या सूचनेचे फलित होईल.

वाऱ्याचेही तेच. बांधकामावरचे भार ठरवणाऱ्या भारतीय मानक ८७५च्या तिसऱ्या भागात पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरलेला आहे. डोंगरमाथ्यावर तो कमाल १.३६ पटीपर्यंत वाढवून धरावा लागतो, आणि दाब वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे भार १.८५ पट होऊ शकतो. शिवाय सड्यावरचा जांभा वरून खडकासारखा असला तरी त्याखाली बहुधा मऊ, पांढरट माती लागते, त्यामुळे बोअर घेऊन माती तपासल्याशिवाय पाया ठरवता येत नाही. वरचा तोच कोरडा जांभा वीज जमिनीत चांगली वाहू देत नाही, म्हणून अर्थिंग नीट मिळत नाही, आणि सड्यावर तर विजा अधिक पडतात. याचा खर्च कोण सोसणार, हा प्रश्न आपण विचारला असता तर मला आवडले असते.

आमच्या सड्याचा वरचा भाग १९९९ साली अधिसूचित झालेल्या म्हादई अभयारण्याला लागून आहे. तिथे वनखात्याची परवानगी आणि १९८०चा वनसंवर्धन कायदा आड येतो, आणि तो यावाच, असे माझे मत आहे. मार्च २०२३मध्ये त्या डोंगरांत लागलेले वणवे आपणही पाहिले असतील. तिथे डिझेलची टाकी आणि विजेच्या तारा न्याव्यात असे सत्तरीचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाने म्हणावे, याचे मला आश्चर्य वाटते.

लहरींविषयी आपण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ साली केलेल्या वर्गीकरणाचा आधार दिला आहे. त्या वर्गीकरणात 'कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही' एवढाच अर्थ आहे. तीव्रतेची मर्यादा त्यातून ठरत नाही. भारतात १ सप्टेंबर २०१२पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू झाली: ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ०.४५ वॅट. २० वॅटची एक वाहक लहर (संभाषण वाहून नेणारी रेडिओ लहर) अँटेनाने एका दिशेला पन्नासपट एकवटली असे धरले, तर झोताच्या ऐन मध्यावर, ५० मीटर अंतरावर, ही तीव्रता चौरस मीटरमागे ०.०३२ वॅट येते. वाहक लहरी अनेक असल्या की ती वाढते, हे मी लपवत नाही. परंतु मी सुचवलेल्या जागेपासून सर्वांत जवळचे घर १२० मीटरवर आहे, आणि अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौपटीने घटते. टॉवर उभा राहिल्यावरही शंका राहिली तर 'तरंग संचार' या सरकारी संकेतस्थळावरून शुल्क भरून प्रत्यक्ष मोजणी मागवता येते.

ग्रामसभा आणि भाडे यांविषयी इतकेच सांगतो की तो जागामालक, पंचायत आणि कंपनी यांच्यातला विषय आहे आणि माझा लेख जागेच्या तांत्रिक निवडीपुरता होता. जनरेटर आवाजरोधक आवरणात बसवता येतो. यावर अधिक लिहिण्याची आवश्यकता मला वाटत नाही.

एक सूचना मात्र मनापासून करतो. येत्या जुलैत, सलग तीन दिवस पाऊस लागला असेल तेव्हा, तुम्ही सड्यावर या. मी वाड्यातून निघून तुम्हाला तिथे भेटेन. सध्या जे दूरचे टॉवर आपल्याला रेंज देतात, त्यांच्या रेंजचे माप आपण वर आणि खाली, देवळाजवळ, दोन्हीकडे फोनवर नोंदवू. चढायला किती वेळ लागला तेही लिहून ठेवू. जाताना वीस लिटरचा एक कॅन बरोबर असू द्या. त्यात पाणी भरले तरी चालेल.