सेवाच करायची, तर पगार कशाला?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटलाय. भाचीने चांगली नोकरी सोडून कचरावेचक बायकांसोबत कंपनी काढली आणि त्यातून ती स्वतः पगार घेते. काका लिहितात, "सेवाच करायची, तर पगार कशाला? तळमळ उरलीच नाही." खाली अंगठ्यांची रांग.

मला राहवेना. इथे ब्रिटनमध्ये 2005 पासून कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी, म्हणजे समाजाच्या भल्यासाठी चालणारी कंपनी, काढता येते. खुशाल नफा करा, पगार घ्या. फक्त मालमत्ता पळवता येत नाही, शेअर असतील तर लाभांशाला मर्यादा, आणि संचालकांनी किती घेतलं ते दरवर्षी अहवालात लिहायचं. आमच्या हाय स्ट्रीटवरचं, म्हणजे मुख्य बाजारातलं, सायकल दुरुस्तीचं दुकान याच प्रकारातलं. तिथल्या मॅनेजरबाईंच्या पगारावर कोणी नाक मुरडलेलं मी ऐकलं नाही. (रविवारच्या घरगुती जेवणात, संडे रोस्ट खाताना मात्र इथले लोकही काय वाटेल ते बोलतात, ते सोडा.)

परदेशी उदाहरण नको? मग लिज्जत घ्या. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलं. लाटणाऱ्या बाईला मजुरी मिळते, नफ्यात वाटाही मिळतो. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था, घरटी शुल्क घेऊन चालते. गिऱ्हाईक पैसे मोजतं म्हणून ही कामं टिकली. तळमळीवर टेम्पोत डिझेल भरता येत नाही.

माणूस अशा उद्योगाकडे का वळतो, यावर मेअर आणि नोबोआ या संशोधकांनी 2006 साली चार गोष्टी मांडल्या: सहवेदना, नैतिक जबाबदारीची जाण, आपल्याला हे जमेल हा विश्वास आणि पाठीशी उभी राहणारी माणसं. पुढे होकर्ट्सच्या 2017 च्या अभ्यासात सर्वाधिक वजन निघालं ते 'जमेल' या विश्वासाचं. काकांची तळमळ चारांतली एक. चौथी गोष्ट द्यायची होती ती काकांनीच.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. उत्तर आलं, "तिकडे बसून सोपं आहे."

झोंबलं, कारण खरं आहे. इथे धंदा बुडाला तरी जीपी, म्हणजे नेहमीचा डॉक्टर, बिल लावत नाही आणि मुलीच्या लग्नात तो विषय निघत नाही. तरीही इतक्या वर्षांत मी नोकरीच केली.

मग भाचीचा वेगळा मेसेज आला: "मामा, वाद पुरे. नगरपालिकेचं बिल अडकलंय, बायकांचे पगार द्यायचेत. उसने देशील?" पैसे लगेच पाठवले. तिथे राहत असतो, तर रविवारी काकांच्या पंगतीला बसून तिची बाजू घेतली असती का, याची मला खात्री नाही.