देवमाणूस म्हणू नका त्याला

आज अकरावा दिवस. ग्रुपवर माझ्या डॉक्टर मित्राचा फोटो अजून फिरतोय, खाली जोडलेले हात आणि 'देवमाणूस गेला'. मला आता या शब्दाचा राग यायला लागलाय. का ते सांगतो. नाव लिहीत नाही, वहिनींनी तसं सांगितलंय. सोलापुरात साखर पेठ ते अशोक चौक या पट्ट्यातल्यांना नाव लागणारही नाही.

आम्ही सहावीपासून एका बाकावरचे. तो डॉक्टर झाला, मी चादरीच्या दुकानात बसलो. पेशंटसमोर मी त्याला 'डॉक्टर' म्हणायचो, बाकी वेळ 'का बे'.

दवाखाना म्हणजे एक खोली, एक पडदा आणि बाहेर बाकडं. बाकड्यावर विड्या वळणाऱ्या बायका, मागावरचे कामगार, मिलमधले म्हातारे. मराठीतनं तो सहज तेलुगूत शिरायचा, "एमैंदम्मा?", आणि अक्कलकोटकडचं कुणी आलं की कन्नड. त्याचं काही कौतुक नाही, आपल्याकडे भाजीवालाही तीन भाषांत घासाघीस करतो. कौतुक त्याच्या ऐकण्याचं होतं. एकदा माझ्यासमोर एक म्हातारे आले, जन्म मिलच्या कताई खात्यात गेलेला. दम लागतो म्हणाले. यानं विचारलं, "कामावर होता तेव्हा कोणत्या दिवशी जास्त व्हायचं? सुट्टी झाल्यावर पहिल्या दिवशी?" म्हातारे बघतच राहिले. कापसाची धूळ छातीत गेली की असंच होतं म्हणे. सुट्टीत छाती मोकळी होते आणि कामावर परतल्यावर पहिल्याच पाळीत आवळते. त्या माणसाला वर्षानुवर्षं जो तो विडी सोडा म्हणून सांगत होता. ते विडी ओढतच नव्हते.

मागावरचे लोक दवाखान्यात ओरडून बोलायचे, बाकीचे वैतागायचे. हा म्हणायचा, "भांडत नाहीत बे ते. खटखटाटात कान गेलेत त्यांचे."

सुईवरून मात्र रोज भांडण. आपल्याकडे सुई टोचली नाही तर फी फुकट गेल्यासारखं वाटतं लोकांना. थकवा आला की सलाईन पाहिजे. तो ग्लुकोजची बाटली हातात धरून हिशेब सांगायचा, "अर्धा लिटर पाण्यात २५ ग्रॅम साखर. पाच चमचे. घरी जाऊन लिंबू सरबत पी की." निम्मे पेशंट शेजारच्या गल्लीत जाऊन लावून घ्यायचे. फी ५० रुपये होती, आणि तीही मागायला लाजायचा. हा त्याचा दोषच होता, मी तोंडावर सांगितलंय.

डेंगीच्या दिवसांत संध्याकाळी टॉर्च घेऊन लोकांच्या घरात शिरायचा. आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी ठेवा म्हणून सरकार सांगतं, पण जिथं नळाला पाणीच चार-पाच दिवसांनी येतं तिथं बॅरल कोण ओतून देणार? उन्हाळ्यात अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे बॅरल घासायला हाताशी एकच पाणी-पाळी. तो झाकण उचलायचा, आत टॉर्च मारायचा, वळवळणाऱ्या अळ्या घरातल्या पोरांना दाखवायचा. मग वहिनींच्या जुन्या साड्यांचे तुकडे बॅरलच्या तोंडाला बांधायचा. मीही दुकानातनं पंचे दिले होते, पण साडीचं कापडच बरं बसतं.

खोलीत एकच तसबीर, चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करणाऱ्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची. भैया चौकातलं त्यांचं घर आता स्मारक आहे, आपण बाहेरगावच्या पाहुण्यांना अभिमानानं दाखवतो. १९३८ साली चीनला गेले, ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले. हार कधीच घालायचा नाही हा. एकदा विचारलं तर म्हणाला, "३२ वर्षांचा होता बे तो. फिट्स यायच्या, तरी कामावर उभा. आपण हार घालतो. झोप म्हणून कुणी सांगितलं असेल का त्याला?"

मला राग आहे तो इथंच. देवमाणूस म्हटलं की तो जेवला का हे विचारावं लागत नाही. रात्री दोनला त्याची बेल वाजवताना हात कचरत नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी बाराबंदी घालून नंदीध्वजाच्या मागं चालत असायचा, तेव्हासुद्धा लोक भर मिरवणुकीत रिपोर्ट पुढं करायचे. तो उजेडाकडं धरून वाचायचा. त्याचं बीपी शेवटचं कुणी, कधी बघितलं, हे वहिनींनाही माहीत नाही. फोटोखाली हात जोडणाऱ्यांत मीही आहे, म्हणून लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी दुकानात बसल्या बसल्या मी सहज म्हणालो, डावा खांदा दुखतोय. त्यानं हातातला चहा तसाच ठेवला, स्कूटरवर घातलं आणि नेऊन ईसीजी काढायला लावला. काही निघालं नाही. येताना मी शिव्या घातल्या, गिऱ्हाईक गेलं म्हणून.

या दिवाळीच्या आधी तो दुकानाच्या माळ्यावर आला होता, लेकीच्या सासरी द्यायच्या चादरी निवडायला. जिना अकरा पायऱ्यांचा. सातवीवर थांबला, कठड्याला धरून. कपाळ घामानं ओलं. "अॅसिडिटी," म्हणाला. "सकाळपासून शेंगाचटणी-भाकरीवर आहे."

मी पोराला कोपऱ्यावर पिटाळून सोडा मागवला. त्यानं उभ्याउभ्याच प्यायला, ग्लास माझ्या हातात दिला, दोन चादरी बाजूला काढल्या आणि म्हणाला, "पाठवून दे. चार पेशंट बसलेत."