‘नो मार्कअप’ केलं म्हणजे बदल पुसले गेले असं नाही

‘वर्डची फाईल पाठवण्याआधी रिव्ह्यू टॅबमध्ये नो मार्कअप निवडा, सगळे बदल आणि कॉमेंट निघून जातात’ असा सल्ला फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि दरपत्रक किंवा करारनामा पाठवणाऱ्याला चांगलाच महागात पडू शकतो.

नो मार्कअप फक्त पडदा ओढतं. ट्रॅक चेंजेस (बदलांची नोंद ठेवणारी सोय) चालू असताना तुम्ही ४५,००० खोडून ५२,००० केले असतील, तर खोडलेला आकडा बदल करणाऱ्याच्या नावासकट आणि तारीख-वेळेसकट फाईलमध्ये तसाच राहतो. समोरच्याने ऑल मार्कअप निवडलं की सगळं उघडं. ट्रॅक चेंजेस बंद करूनही काही साधत नाही. त्याने फक्त पुढच्या बदलांची नोंद थांबते.

बदल खरोखर काढायचे तर ॲक्सेप्टखालच्या बाणावर क्लिक करून ‘ॲक्सेप्ट ऑल चेंजेस अँड स्टॉप ट्रॅकिंग’ निवडा. कॉमेंट त्याने जात नाहीत. त्यासाठी डिलीटखालचं ‘डिलीट ऑल कॉमेंट्स इन डॉक्युमेंट’ वेगळं वापरावं लागतं. मग फाईल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट अशी तपासणी करा; पण प्रतीवर, कारण तिथे काढलेलं नेहमीच परत आणता येत नाही.

परिच्छेदाची ¶ खूण आणि स्पेसचे ठिपके हे प्रकरण निराळं. ते छापले जात नाहीत, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. कंट्रोल-शिफ्ट-८ ने दिसेनासे होतात. तरीही हटत नसतील तर ऑप्शन्समधल्या डिस्प्लेत त्यांच्यापुढे टिक असणार, ती काढा.