पेला मोजून पिटुनिया फुलत नाही

सोसायटीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, सगळीकडे एकच फॉरवर्ड फिरतोय: 'हँगिंग कुंडीत पिटुनिया लावा. तळाला खडे, रोज सकाळी एक पेला पाणी, आठवड्याला चहाचा चोथा. बाल्कनी बाराही महिने फुललेली!' सोबत गुलाबी फुलांनी ओथंबलेल्या कुंडीचा फोटो. फोटो खरा असेलही, पण मुंबईच्या जुलैतला खात्रीने नाही.

पिटुनिया आपल्याकडे थंडीचं फूल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावा, मार्चपर्यंत मजा बघा. राणीच्या बागेत महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला भरतं, ते उगाच नाही. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यात पाकळ्यांचा लगदा होतो आणि देठ बुडाशी कुजतात.

'रोज एक पेला' हा सगळ्यात घातक सल्ला, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. टांगलेल्या कुंडीला चहूकडून वारा लागतो. काथ्याचं अस्तर असेल तर ओल बाजूंनीही उडते. एप्रिलमध्ये सकाळी भिजवलेली कुंडी संध्याकाळी कोरडी ठाक. आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एकदा पुरतं वाळलं की पाणी पटकन धरत नाही. आकसून कडा सोडतं, ओतलेला पेला त्या फटीतून सरळ खाली. खालच्या काकूंच्या साड्या भिजतात, मधला गोळा कोरडाच. अशी कुंडी उतरवून बादलीत बुडवायची, बुडबुडे थांबेपर्यंत. एरवी तळाला हात लावून जरा उचलून बघा. हलकी लागली तर भोकांतून निथळेपर्यंत पाणी, जड लागली तर थेंबही नाही.

खड्यांनी निचरा होतो म्हणे! उलट बारीक मातीतलं पाणी, ती पुरती भिजेपर्यंत, खड्यांत उतरतच नाही. ओल वर मुळांपाशी अडते आणि ग्रिलवर फुकटचं वजन. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

चोथा दूध-साखरेच्या चहाचा असेल तर मुंग्यांना आमंत्रण. धुऊन घातलात तरी त्याच्यावर पिटुनियाचं भागत नाही. सारखं पाणी घातल्याने खत वाहून जातं, म्हणून फुलांच्या दिवसांत दहा-पंधरा दिवसांनी पातळ केलेलं द्रवखत द्यावं लागतं.

उन्हाचं तर फॉरवर्डमध्ये नावच नाही. पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर नुसत्या लांबलचक फांद्या लोंबतात. सुकलेलं फूल खुडायचं ते मागच्या हिरव्या बोंडासकट. पाकळ्या ओढून काढल्या तर बी धरतंच. बोटं चिकट होतील, होऊ द्या. फांद्या फार लांबल्या तर अर्ध्यावर छाटा.

बाराही महिने फुलं हवीतच तर रोपं बदला. उन्हाळ्यात ऑफिस टाइम, म्हणजे चिनी गुलाब, कडक उन्हात. पाऊस लागला की टोरेनिया, पण कुंडी छज्ज्याखाली सरकवून.