चष्म्याच्या घरातला तिसरा टप्पा

‘पट्टी जागेवरच आहे. नीट शोधा.’

या पाच शब्दांनी माझा अख्खा आठवडा नासवला. पहिल्या तीन शब्दांबद्दल माझं काही म्हणणं नाही, माणसाचा गैरसमज होऊ शकतो. ‘नीट’ मात्र मी विसरणार नाही. त्या बाकाभोवती मी सव्वा तास घालवला होता. त्यातली दहा मिनिटं बाकाखाली उताणी पडून, छातीवर फोनचा टॉर्च ठेवून. याहून नीट शोधायचं म्हणजे बाक वितळवून गाळून घ्यायचा का?

जिओकॅशिंग माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. कुणीतरी डबा लपवतं आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. आपण ते फोनमध्ये घालून जातो, डबा शोधतो, आतल्या वहीत सही करतो आणि घरी येऊन ‘सापडली’ अशी नोंद टाकतो. डब्याला म्हणतात कॅश. २ मे २००० ला अमेरिकेने जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. तोवर साध्या माणसाचं यंत्र शंभर-शंभर मीटरने चुकत असे. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगनमध्ये एक काळी बादली लपवली आणि तिचा पत्ता जाहीर केला. बादलीत वही-पेन्सिल होती, काही वस्तू होत्या आणि चक्क एक बीन्सचा डबाही होता. जा, उघडा, सही करा, या. सुखाचे दिवस.

मग कुणाला तरी वाटलं असणार, की लोकांना जरा जास्त चालवावं. त्यातून मल्टी आली. मल्टीत दिलेल्या जागी डबा नसतोच, आकडे असतात. ते आकडे सूत्रात घातले की पुढची जागा मिळते, तिथे आणखी आकडे. शेवटच्या टप्प्यावर डबा आणि वही. एवढं करून नोंद एकच. पाच टप्पे पायाखाली घालून आलेल्यालाही एकच पिवळा हसरा चेहरा आणि गाडीतून उतरून खांबामागच्या डबीला हात लावून आलेल्यालाही एकच. टप्पागणिक ‘सापडली’ लिहायचं नाही, हे मी शिष्टाचार म्हणून मान्य केलेलं आहे. मनातून नाही.

तर या मल्टीचे पाच टप्पे. पहिले दोन पटापट मिळाले. तिसऱ्या टप्प्यावर बागेतल्या लोखंडी बाकाला चुंबकाने चिकटवलेली पट्टी असायला हवी होती, आणि ती नव्हती. शेवटी मी घरी आले आणि इमानदारीत ‘सापडली नाही’ अशी नोंद टाकली. तिला आमच्यात डीएनएफ म्हणतात. तिचा चेहरा निळा आणि रडका असतो. अनेकांना तो आपल्या खात्यावर नको असतो, म्हणून ते काहीच लिहीत नाहीत, जणू गेलेच नव्हते. मी लिहिलं. आणि कॅशच्या मालकाने मला वरचे पाच शब्द पाठवले. पुढे असंही, की गेल्या तीन आठवड्यांत चार जणांना सापडलेली आहे.

चार जणांना! मी पुढच्या रविवारी परत गेले.

बाकावर एक काका बसले होते. मागच्या रविवारीही होते, तेव्हा ते दुसऱ्या टोकाला होते. अनोळखी माणसासमोर शोधायचं नाही, हा या खेळाचा पहिला धडा. आणि माणूस हलतच नसेल तर फोन कानाला लावून बोलल्याचं नाटक करायचं, हा दुसरा. मागच्या वेळी मी तेच केलं होतं. मी पुन्हा फोन काढला, कानाला लावला आणि बाकाच्या मागून एक चक्कर मारली.

काका म्हणाले, “काय झालं मग नणंदेचं?”

मला नणंद नाही. पण मागच्या रविवारी पंचवीस मिनिटं बंद फोनवर बोलायचं म्हणजे काहीतरी विषय लागतोच. मी एक नणंद तयार केली होती. तिचं घर विकायचं होतं आणि तिचा थोरला दीर सही देत नव्हता.

“दिली सही,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

“शेवटी दिली ना? मी म्हणालोच होतो घरी. असे लोक ताणून धरतात आणि मग देतात.” काका सरकले आणि माझ्यासाठी जागा केली. “पण कागद वाचून घ्यायला सांगा तिला. तुम्ही तेव्हा म्हणालात, की तो गोड बोलतो. गोड बोलणाऱ्याचे कागद दोनदा वाचावेत.”

मी सांगते म्हणाले. नसलेल्या बाईबद्दल कुणीतरी आठवडाभर घरी चर्चा केली होती आणि मला खरोखर अपराधी वाटायला लागलं. त्या अपराधी भावनेतच मी घोडचूक केली. खरं सांगून टाकलं.

“काका, मी इथे कॅश शोधतेय.”

“किती होती?”

“तसली कॅश नाही हो. लपवलेली असते.”

“कुणी लपवली?”

“माझ्या ओळखीचे नाहीत ते.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग बागेच्या फाटकाकडे पाहिलं. दुसऱ्याने लपवलेली रोकड काढायला आलेली बाई, जिच्या नणंदेच्या घराच्या कागदांवर नुकत्याच सह्या झाल्या आहेत. हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर जुळताना दिसत होता. मी घाईघाईने सगळा खेळ समजावला. उपग्रह, डबा, वही, टप्पे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग उलटतपासणी सुरू केली.

“डबे किती?”

“एक.”

“आणि जागा पाच.”

“हो. चार ठिकाणी नुसते आकडे.”

“म्हणजे दोन ठिकाणचं तुम्हाला सापडलेलं आहे.”

“ते सापडलं असं धरत नाहीत.”

“का?”

“डबा सापडला तरच सापडलं.”

“मग सरळ डब्याकडे का जात नाही?”

मी म्हणाले, डबा कुठे आहे ते माहीत नसतं. काका म्हणाले, ज्याने ठेवला त्याला माहीत आहे ना? विचारायचं त्याला. मी म्हणाले, तसं विचारायचं नसतं, चालत जायचं असतं. काका बराच वेळ गप्प राहिले. मग वेड्याला बरं वाटावं म्हणून बोलतात तसल्या हळू आवाजात म्हणाले, “आणि वहीत सही केल्यावर काय देतात?”

“काही नाही.”

“सर्टिफिकेट वगैरे?”

“चेहरा मिळतो. पिवळा.”

त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं. मला वाटलं, माझा चेहरा पिवळा पडलाय का ते बघणार आहेत. त्यांनी घर उघडलं. चष्म्याखाली, काच पुसायच्या फडक्यात नीट घडी घालून, आगपेटीच्या निम्म्या आकाराची काळी पट्टी होती. मागे चुंबक, पुढे तीन आकडे.

“हे तर नाही ना तुमचं?”

मी काय आवाज काढला ते इथे लिहिता येत नाही.

ती त्यांच्या पँटला अडकून सुटली होती म्हणे. तीन आठवडे झाले. बाकाचा सरकारी नंबर असावा असं समजून त्यांनी ती जपून ठेवली होती, कुणी जबाबदार माणूस विचारायला आला तर द्यावी म्हणून. रोज सोबत आणत होते. मागच्या रविवारी मी बाकाखाली उताणी पडले होते तेव्हा ती माझ्यापासून दीड हातावर होती.

“तेव्हा सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही फोनवर होतात. घरचा गंभीर विषय चालला होता.”

मी हात पुढे केला. काकांनी घर मिटलं. “ही तुमची आहे का?”

“नाही.”

“मग कशी देऊ?”

“द्यायची नाही, फक्त वाचू द्या.”

यावर त्यांनी विचार केला आणि वाचण्यापुरती पट्टी पुढे धरली, पण बोटांतून सोडली नाही. पोस्टातला माणूस पावतीवर सही घेताना कागद धरून ठेवतो तशी. मी आकडे उतरवून घेतले. नंतर अर्धा तास घालवून पट्टी पुन्हा बाकाला लावायला त्यांना राजी केलं. लावली त्यांनीच. मग जरा मागे जाऊन, सरळ लागली की नाही ते पाहिलं.

चौथा टप्पा झाला, पाचवाही झाला. डबा मिळाला. मी वही उघडली आणि सही करायच्या आधी वरच्या तारखा वाचल्या, वाचायला नको होत्या. पट्टी चष्म्याच्या घरात मुक्कामाला असतानाच्या चार सह्या, एकाखाली एक. घरी येऊन त्यांच्या नोंदी काढल्या. दोघांनी नुसतं ‘टीएफटीसी’ लिहिलं होतं. कॅशबद्दल आभार, या इंग्रजी वाक्याची चार अक्षरं. तिसऱ्याने अंगठा. चौथ्याने मात्र सविस्तर लिहिलं होतं: ‘सुंदर मालिका! पाचही टप्पे आवडले, विशेषतः तिसरा.’

विशेषतः तिसरा.

आता मी शक्य तितक्या न्यायाने बोलते. टप्पा गायब असताना पुढे जाता येतं, आणि त्यात हुशारीही असते. एकच आकडा अडला तर दहा शक्यता होतात. नकाशावर दहा ठिपके मांडायचे, त्यातले तलावात आणि रस्त्यावर पडतील ते खोडायचे आणि उरलेले पालथे घालायचे. असं करणाऱ्याला माझा नमस्कार. पण इथे अक्षांशातल्या मिनिटांच्या (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट) दशांशचिन्हापुढचे तीनही आकडे पट्टीवर होते. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ मीटर. असे हजार म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटरची रेघ, आणि त्या रेघेवर कुठेतरी चौथा टप्पा. चौघांनीही ती रेघ पालथी घातली असेल, तर मी माझे शब्द परत घेते. नाहीतर कुणीतरी कुणाला तरी शेवटच्या डब्याचा पत्ता फोनवर पाठवला.

आणि त्यांचं काहीच चुकलेलं नाही, याचीच मला जास्त चीड आहे. नियम सांगतो, वहीत सही असली की सापडली. मालकाला ती नोंद खोडता येत नाही, सगळे टप्पे केल्याचा फोटो दाखवा असली जादा अट घालायलाही २००९ पासून बंदी आहे. नियम बरोबरच आहे, नाहीतर प्रत्येक मालक हुकूमशहा झाला असता. पण त्या चार पिवळ्या चेहऱ्यांमुळे मालकाला वाटलं, सगळं आलबेल आहे. पट्टी गेल्याचं सांगणारी एकच नोंद होती, माझी. तिला उत्तर मिळालं ‘नीट शोधा’. एकानेही ‘तिसरा टप्पा दिसला नाही, पुढचं मित्राकडून घेतलं’ एवढी ओळ टाकली असती, तर मालकाने बाकाकडे चक्कर मारली असती आणि मी बाकाखाली उताणी पडले नसते. एका ओळीचं काम! ‘विशेषतः तिसरा’ लिहायला वेळ होता.

माझेही हात फार स्वच्छ नाहीत. एकदा आमचा गट डोंगरावर गेला होता तेव्हा मी पायथ्याशी बसून राहिले आणि वरच्यांनी वहीत माझं नाव घातलं. ती नोंद अजून माझ्या खात्यावर हसते आहे. असो. ते वेगळं होतं, माझा पाय मुरगळला होता. फार नाही, पण मुरगळला होता.

मी ‘सापडली’ची नोंद लिहिली. बाक, काका, चष्म्याचं घर, सगळं सविस्तर. दुसऱ्या दिवशी मालकाचा निरोप: ‘आपल्या नोंदीतून तिसऱ्या टप्प्याची जागा उघड होते. कृपया तेवढा भाग काढावा.’ बरोबर आहे, दुसऱ्याची गंमत घालवायची नाही. मी काढला. काका गेले, बाक गेला, चष्मा गेला. उरलं: ‘दुसऱ्या खेपेला सापडली. वाटेत मदत झाली.’ निरोपात शेवटी हेही होतं, की पट्टी आता लागली आहे, तेव्हा आधीचा डीएनएफ काढून टाकला तरी चालेल. ‘नीट’बद्दल अवाक्षर नाही.

डीएनएफ मी काढलेला नाही.

परवा सहज बागेवरून गेले. काका बाकावर होते. पट्टी जागेवर होती, काका दिवसातून दोनदा बघतात. सोमवारी एक जोडपं येऊन गेलं म्हणाले. पोरगी कानाला फोन लावून बाकाला फेऱ्या घालायला लागली तेव्हाच त्यांनी ओळखलं.

“मी म्हटलं, बंद करा तो फोन. आणि आकडेच सांगून टाकले, मला पाठ आहेत. उगाच जमिनीवर लोळायचं कशाला?”

“अहो काका, तसं सांगायचं नसतं.”

“ऐका तर. परत जाताना भेटले ते. मी त्यांच्याकडून शेवटच्या डब्याची जागा नीट समजून घेतली.” त्यांनी चष्म्याचं घर उघडलं आणि फडक्यातून एक चिठ्ठी काढली. “काल तिघं आले होते. त्यांना सरळ तिकडेच पाठवलं. वीस मिनिटांत परत आले, फार खूश होते हो.”

चिठ्ठी परत घडी घालून ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, “आणि नणंदेने कागद वाचले का?”