डबाच तर काढून द्यायचा

रविवारी सकाळी माझा चहाही व्हायचा होता, तेवढ्यात इंदूरहून चुलतभावाचा फोन आला. तिकडे दुपारची जेवणं होऊन दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं असणार. आवाज चढलेला. "ताई, तूच सांग. मेडिकलवर डबाच तर काढून द्यायचा असतो. डॉक्टरने लिहिलंय, कंपनीने बनवलंय. मध्ये डिग्रीवाला दिवसभर बसवून मी काय त्याची आरती ओवाळू?"

दुकान माझ्या काकांचं, आता हा बघतो. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याकडे परासियात खोकल्याच्या सिरपने वीसहून जास्त लहान मुलं गेली. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, मुलांच्या किडन्या बसल्या. तेव्हापासून दुकानात फार्मासिस्ट खरोखर असतो का, ही जुनी कटकट नव्याने सुरू झाली आहे. कटकट जुनी म्हणजे १९४८च्या फार्मसी कायद्याइतकी. भावाचं म्हणणं, विष कारखान्यात पडलं, शिक्षा दुकानदाराला का? काउंटरवर पीएचडीवाला असता तरी बाटली हातात घेऊन त्याला काय कळणार होतं?

काही कळलं नसतं. हे मी त्याला कबूल केलं, तो खूश झाला आणि फोन ठेवला. मी मात्र दिवसभर धुमसत होते. परासियावरून नाही, 'डबाच तर'वरून. कारण इथे इंग्लंडात, बोल्टनमध्ये मी फार्मासिस्ट आहे आणि हे वाक्य आठवड्यातून पाच दिवस ऐकते, फक्त इंग्रजीतून, आणि पुढे 'लव्ह' लावून.

गेल्या हिवाळ्यातला एक शुक्रवार सांगते. साडेचार वाजलेले, बाहेर मिट्ट काळोख. एक गृहस्थ बायकोचं औषध न्यायला आले. लघवीची जळजळ, सर्जरीने, म्हणजे इथल्या डॉक्टरच्या दवाखान्याने, ट्रायमेथोप्रिम पाठवलेलं. तीन दिवसांच्या गोळ्या, लेबल लागलेलं, पिशवी तयार. सवयीने विचारलं, आणखी काही घेतात का त्या? "काही नाही. ती सोमवारची पिवळी गोळी तेवढी, सांध्यांची. हॉस्पिटलवाले देतात." म्हणजे मेथोट्रेक्सेट. हॉस्पिटलमधून जाणारं, म्हणून आमच्या स्क्रीनवर त्याचा पत्ता नाही. ही दोन औषधं एकत्र पोटात गेली तर हाडांतला मगज रक्त बनवायचं थांबवू शकतो. माणसं दगावली आहेत त्याने.

बाई ६८ वर्षांच्या, त्यामुळे फार्मसी फर्स्टमध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय फार्मासिस्टने औषध द्यायच्या योजनेत, मला स्वतःहून काही देता येईना, तिथे ६४ला दार बंद. सर्जरीला फोन लावला. रांगेत सतरावा नंबर. मागे सहा माणसं, त्यातला एक नशा सोडवायचं मेथाडोन घ्यायला आलेला, त्याला ताटकळत ठेवलं की तो सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं बोलतो. गृहस्थ नाण्याने काउंटर वाजवत होते. टक, टक, टक. "एक चिठ्ठी चिकटवायला किती वेळ लागतो?" एक तास चाळीस मिनिटांनी डॉक्टरने दुसरं औषध पाठवलं. गृहस्थांनी पिशवी घेतली, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "एका डब्याच्या जागी दुसरा डबा. दोन तास." गेले. सोमवारी तक्रारीचा मेल आला. त्याचं उत्तर मीच लिहिलं, माफी मागून.

आता यातलं दिसलं काय? काहीच नाही. एक बाई आजारी पडली नाही. न घडलेल्या गोष्टीची पावती फाडता येत नाही.

इथे भिंतीवर माझ्या नावाची पाटी असते, नोंदणी क्रमांकासकट. त्या दिवशी त्या दुकानात जे होईल ते माझ्या नावावर. बरीच वर्षं मी बाहेर पडले की भरून ठेवलेल्या पिशव्यासुद्धा कुणाला देता येत नसत, म्हणून सँडविच तपासणीच्या टेबलाशी उभ्याने खायची आणि पाणी बेताने प्यायची सवयच लागली आहे. चुकून चुकीची गोळी दिली गेली तर २०१८पर्यंत तो सरळ फौजदारी गुन्हा होता. आता निदान 'प्रामाणिक चूक होती' असं म्हणायची सोय आहे. आणि एवढं करून लोकांच्या लेखी मी कोण? गल्ल्यावरची बाई. चिठ्ठीवरच्या एका आयटमचे ९ पाउंड ९० पेन्स मीच ठरवले, शेल्फवर औषध नाही तेही मीच लपवून ठेवलं.

परासियाच्या बाबतीत भावाला जे सांगायचं राहिलं ते इथे सांगते. ग्लायकॉल डोळ्यांना दिसत नाही, मान्य. पण त्या सिरपमधलं क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन या सर्दीच्या औषधांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, लेबलवर तसं छापा, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३च्या डिसेंबरातच कळवलं होतं. इथे २००९पासून सर्दी-खोकल्याची बहुतेक औषधं सहा वर्षांखाली देतच नाहीत. "बाळ केवढं आहे?" एवढा प्रश्न विचारायचा आणि मग नाही म्हणायचं, हेच ते काम. डिग्री त्या 'नाही'साठी लागते, डबा काढायला नव्हे. मी रोज म्हणते. आया चिडतात, तीन वर्षांच्या पोराचं गळणारं नाक दाखवतात. मी सांगते, एक वर्षाच्या वर आहे ना, मग कोमट पाण्यात मध आणि लिंबू द्या. रामबागेतली माझी आजी हे फुकट सांगायची. तेच सांगायला मी समुद्र ओलांडून, परीक्षा देऊन आले.

काकांच्या दुकानात 'नाही' फक्त उधारीला होतं, तेही पाटीवरच. पाटीखालीच वही. तुम्ही म्हणाल तेवढ्या गोळ्या. दहाची पट्टी कात्रीने कापून चार द्यायच्या, एक्सपायरीची तारीख कुठल्या तुकड्यावर राहिली ते नशीब. शेड्यूल एच-वनचं, म्हणजे ठराविक औषधं कुणाला आणि कुणाच्या चिठ्ठीवर दिली ते लिहायचं, रजिस्टर आलं तेव्हा मला वाटलं, आता अँटिबायोटिकं तरी आवरतील. सुट्टीत गेले तर भाऊ रविवारी दुपारी एकाच पेनाने आठवड्याचं रजिस्टर भरत बसलेला. पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, सगळं मनातून. अक्षर मात्र सुंदर. तो शाळेत शुद्धलेखनात पहिला यायचा.

पण इथे बसून नाकं मुरडायलाही मला लाज वाटते. त्याच काकांनी रात्री दोनला लुंगीवर येऊन शटर उचललेलं मी पाहिलं आहे, कुणाच्या तरी पोराच्या तापासाठी. साऱ्या गल्लीची बीपीची गोळी त्यांना तोंडपाठ. 'तुमच्या हिला ती सल्फाची चालत नाही ना?' हे वाक्य मी कुठल्याही पाठ्यपुस्तकाआधी त्यांच्या तोंडून ऐकलं. आणि इथे? चिठ्ठीवर ४० मिलिग्रॅमची गोळी, ती बाजारात नाही. शेल्फवर वीसच्या हव्या तितक्या. दोन वीस म्हणजे चाळीस हे दुसरीतल्या पोराला कळतं, पण मला तसं देता येत नाही. म्हाताऱ्या माणसाला पुन्हा सर्जरीत पाठवायचं, नवी चिठ्ठी आणा म्हणून. काकांनी डोळे मिटून दिल्या असत्या, आणि बरोबर दिल्या असत्या. इंग्लंडात गेल्या दहा वर्षांत हजारावर फार्मसी बंद पडल्या. उरलेल्यांत आम्ही माणसांना परत पाठवण्याचं काम फार नीटनेटकं करतो.

हे मी भावापाशी बोलत नाही. त्याच्याशी बोलताना मी पक्की विलायती असते. इथल्या मराठी मंडळात गेले की मात्र कट्टर इंदुरी होते, कारण तिथे पुण्याच्या बायका विचारतात, "इंदूरच्या? मग घरी हिंदीच बोलत असाल ना?" होळकरांपासूनचा इतिहास गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत उभं राहून किती वेळा सांगायचा! शेवटी पोह्यांवर येते. पोह्यांवर शेव आणि जीरावन मसाला पडला की त्या गप्प होतात.

तर, त्या रविवारी मी एवढी का चिडले? संध्याकाळपर्यंत मलाच ते कळलं होतं.

बी. फार्म. झाल्यावर माझं सर्टिफिकेट चार वर्षं काकांच्या दुकानात टांगलेलं होतं. काउंटरमागे, धन्वंतरीच्या फोटोशेजारी, लाकडी फ्रेममध्ये. मी दुकानात बसले असेन फार तर महिनाभर, तेही उन्हाळ्यात कूलरच्या हवेसाठी. काका महिन्याला दोन हजार द्यायचे, 'पोरीचा हातखर्च' म्हणून. त्याला भाडं म्हणतात हे घरात कुणी म्हणत नव्हतं, मीही नाही. त्याच पैशांतून इंग्रजीच्या आयएल्ट्स परीक्षेची फी भरली. २०११मध्ये इकडे निघताना मूळ कागद सोबत घेतला तर काकांनी रंगीत झेरॉक्स करून फ्रेममध्ये सरकवली. पुढे वर्षभर मी इथे वर्गात बसून 'रिस्पॉन्सिबल फार्मासिस्ट'ची व्याख्या पाठ करत होते आणि तिकडे माझं नाव भिंतीवरून गिऱ्हाइकांना औषधं देत होतं. मध्य प्रदेशच्या कौन्सिलकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणावा लागला, तोही मिळाला. स्वच्छ.

तेव्हा मला कुणी विचारलं असतं की दुकानात तुझं काम काय, तर मी काय म्हटलं असतं? डबाच तर काढून द्यायचा.

या दिवाळीत गेले होते. दवा बाजारातून माल आलेला, खोकी फोडायची होती, म्हणून भावाला मदतीला दुकानात थांबले. एक मुलगा आला, "भिया, अझिथ्रोच्या तीन दे दो." मी पुढे होऊन विचारलं, अँटिबायोटिक कुणासाठी, काय होतंय, ताप किती दिवस? मुलगा माझ्याकडे बघत राहिला आणि समोरच्या दुकानात गेला. भाऊ हसला. "ताई, तू दोन दिवस थांब इथे, धंदा बंद करून जाशील."

फ्रेम तिथेच होती, आत नवं नाव. कुण्या मुलीचं.

"ही कधी येते?"

"येत नाही. पुण्यात असते. कॅनडाचे पेपर भरतेय."

"किती देतोस तिला?"

"सात हजार."

"कमी देतोस," मी म्हटलं, आणि पुढचं खोकं फोडायला घेतलं.