किटवर रेघ नाही म्हणजे हिवताप नाही, हे खरे नव्हे

पावसाळा लागला की एक संदेश मोबाइलवरून फिरू लागतो: रॅपिड किट (थेंबभर रक्तावरून मलेरिया तपासणारी पट्टी) निगेटिव्ह आले की मलेरियाची शंका संपली, परजीवी सगळीकडे सारखाच असल्याने किट फसत नाही, काचपट्टीवरचा रक्तलेप आता कालबाह्य झाला. ही तिन्ही विधाने चुकीची आहेत आणि पहिले तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

किटला परजीवी दिसत नाही. फॅल्सिपेरम या मलेरियाच्या घातक परजीवीची रेघ उमटते ती त्या परजीवीने रक्तात सोडलेल्या एचआरपी-२ या प्रथिनामुळे, आणि ते प्रथिन घडवणारे जनुकच परजीवीत उरले नसेल, तर रक्तात परजीवी भरपूर असूनही ती जागा कोरी राहू शकते. शेजारची ‘सी’ रेघ मात्र ठळक उमटते व ती पाहून घरचे निर्धास्त होतात. वास्तविक तिच्यावरून पट्टी नीट चालली एवढेच कळते.

दुसरे विधान तपासण्यासाठी पेरूमधील ॲमेझॉन खोऱ्याकडे पाहावे. तेथील १४८ नमुन्यांपैकी ४१ टक्क्यांत हे जनुक नसल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. आफ्रिकेतील एरिट्रियात २०१६ साली घिंडा येथील रुग्णालयात तपासलेल्या २६ रुग्णांपैकी २१ जणांच्या परजीवीत ते नव्हते. जनुक शाबूत असले तरी प्रथिनातील हिस्टिडीन या अमिनो आम्लाने युक्त तुकडे किती वेळा येतात, हे नमुन्यागणिक बदलते; म्हणजे परजीवी सगळीकडे सारखा नाही. शिवाय जेथे निदान केवळ याच प्रथिनावर विसंबते, तेथे जनुक गमावलेला परजीवी उपचारांतून निसटतो, डासांमार्फत पुढे जातो आणि त्याचेच प्रमाण वाढत जाते.

‘हे सगळे परदेशातले’ असेही कोणी म्हणेल. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडमधील नमुन्यांत हा लोप २०१३ मध्येच नोंदवला गेला, आणि पुढे आठ राज्यांतील दीड हजारांहून अधिक नमुन्यांच्या अभ्यासात तो सुमारे २.४ टक्के आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने किट बदलण्यासाठी ठरवलेली मर्यादा ५ टक्के आहे. म्हणून आपल्याकडची किट टाकून द्यावीत, असे मी मुळीच म्हणत नाही. दुर्गम पाड्यावर आशाताईंच्या हातातले किट आजही अनेकांचे प्राण वाचवते, आणि ते पॉझिटिव्ह आले तर उपचाराला विलंब लावू नये.

राहिला रक्तलेप. जाड लेपात तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष परजीवी शोधतो, त्यामुळे एखादे प्रथिन आहे की नाही याने त्याचे काम अडत नाही. परजीवी फार थोडे असतील तर मात्र तोही चुकू शकतो. म्हणूनच किट निगेटिव्ह असूनही थंडी वाजून ताप येत राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रक्तलेप करून घ्यावा, आणि तोही निगेटिव्ह आला तरी ताप उतरेपर्यंत तपासणी पुन्हा करण्याचा आग्रह धरावा.